फिरत्या दवाखान्याच्या बसमधील जड विद्युत उपकरणे : रबर कुठे घालावे आणि कुठे घालू नये

आपला प्रश्न मी समजलो तो असा. वर्धा जिल्ह्यातील आपल्या संस्थेने पुढे इंजिन असलेली जुनी शालेय बस घेऊन तिच्यात दात आणि डोळे तपासण्याचा फिरता दवाखाना उभारला आहे. ४२ किलोचा ५ केव्हीए इन्व्हर्टर, १५० अँपिअर-तासांच्या चार ट्यूब्युलर बॅटऱ्या, ४८ किलोचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि दातांच्या खुर्चीचा कॉम्प्रेसर हे सगळे शेवटच्या बाकाच्या जागी, प्लायवूडच्या तळावर लाकडी स्क्रूंनी बसवले आहे. चार महिन्यांत इन्व्हर्टरचे कार्ड (आतला सर्किट बोर्ड) दोनदा गेले, एका बॅटरीच्या टर्मिनलपाशी चीर पडली आणि ट्रान्सफॉर्मरचा घुमणारा आवाज तपासणीच्या खोलीत त्रास देतो. मेकॅनिकने सर्वांखाली जाड रबर घालण्याचा सल्ला दिला आहे आणि ते १० मिलिमीटरचे घ्यावे की २५ मिलिमीटरचे, असे आपण विचारता.

गेली बावीस वर्षे मी वाहनांमध्ये विद्युत साहित्य बसवण्याचे काम करतो. त्या अनुभवावरून सांगतो, की रबराची जाडी हा यातला सर्वांत शेवटचा प्रश्न आहे आणि सर्वांखाली रबर घातले तर कार्ड आजच्यापेक्षा लवकर जाण्याची शक्यता अधिक आहे. हे विचित्र वाटेल, म्हणून कारण थोडे सविस्तर मांडतो.

आपल्या तक्रारीत दोन वेगळी कंपने मिसळली आहेत. ट्रान्सफॉर्मरचा आवाज हे उपकरणाने स्वतः निर्माण केलेले कंपन आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे त्याचा लोखंडी गाभा प्रत्येक आवर्तनात दोनदा, म्हणजे सेकंदाला १०० वेळा थरथरतो, आणि तळाचे प्लायवूड तबल्याच्या पुडीसारखे तो आवाज मोठा करते. कार्ड जाणे आणि टर्मिनल चिरणे यांचे मूळ मात्र रस्त्यात आहे. रस्त्याकडून येणारे कंपन बरेच संथ असते. बस तिच्या स्प्रिंगांवर सेकंदाला साधारण १ ते ३ वेळा डोलते आणि टायर व पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) यांच्या मध्ये सापडलेला चाकांचा आस सेकंदाला साधारण ८ ते १५ वेळा नाचतो. खड्डा किंवा गतिरोधक लागला की नेमके हेच दोन झोके उपकरणापर्यंत पोहोचतात. १०० हर्ट्झच्या आवाजाला लागू पडणारा उपाय १० हर्ट्झच्या धक्क्याला लागू पडत नाही, इतकेच नव्हे तर पुष्कळदा तो उलटतो.

का उलटतो, हे समजण्यासाठी एकच हिशेब पुरेसा आहे. उपकरण आधारावर ठेवल्यावर तो आधार किती मिलिमीटर दबतो ते मोजावे, त्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि १५.८ ला त्याने भागावे. येणारे उत्तर म्हणजे त्या उपकरणाची त्या आधारावरील नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ते स्वतःहून सेकंदाला किती वेळा डोलते ती संख्या, हर्ट्झमध्ये. आधार १ मिलिमीटर दबला तर ती सुमारे १६ हर्ट्झ, २.५ मिलिमीटर दबला तर १० हर्ट्झ आणि १० मिलिमीटर दबला तर ५ हर्ट्झ येते. बाहेरून येणारे कंपन या वारंवारतेच्या सुमारे १.४ पटीपेक्षा जलद असेल तरच आधार ते अडवू लागतो. त्याहून संथ असेल तर कंपन जसेच्या तसे किंवा वाढून वर जाते, आणि दोन्ही वारंवारता जुळल्या तर झोपाळ्याला प्रत्येक फेरीत नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखे होते. साध्या रबरात हालचाल जिरवण्याची शक्ती बेताचीच असल्यामुळे ती वाढ आठ-दहा पटींपर्यंतही जाऊ शकते.

आता हा हिशेब आपल्या रबराला लावू. रबर कायमच्या भाराखाली आपल्या जाडीच्या १० ते १५ टक्के दबावे, असे धरून चकत्या निवडण्याची पद्धत आहे. १२ टक्के धरले तर १० मिलिमीटरची चकती १.२ मिलिमीटर दबेल आणि वारंवारता १४ हर्ट्झच्या आसपास येईल. २५ मिलिमीटरची चकती ३ मिलिमीटर दबेल आणि वारंवारता ९ हर्ट्झ येईल. म्हणजे आपण निवडू पाहत असलेल्या दोन्ही जाड्या आसाच्या नाचण्याच्या पट्ट्यात बरोबर सापडतात. ५ हर्ट्झच्या खाली जायचे म्हटले तर आधार १० मिलिमीटरहून अधिक दबणारा हवा, शिवाय गतिरोधकावर उपकरण आणखी दोन-तीन सेंटिमीटर वर-खाली जाणार, त्यासाठी चहूबाजूंनी मोकळी जागा हवी आणि ते कुठेही आपटू नये याची सोय हवी. तारदोराची वेटोळी वापरलेले आधार हे काम करतात, पण ते महाग असतात आणि आपल्या कामात त्यांची गरज मला दिसत नाही.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात एका क्ष-किरण तपासणीच्या गाडीत ६० किलोचा स्टॅबिलायझर मी मोठ्या हौसेने मऊ रबरी पायांवर बसवला होता. हाताने हलवला की तो सुरेख डोलायचा आणि ते मला कौशल्य वाटायचे. पहिल्याच फेरीत, घाटातील वळणावर तो मधल्या पडद्याच्या भिंतीवर इतक्या वेळा आपटला, की टर्मिनलची पट्टी तुटून हातात आली. पाय खाली आणि गुरुत्वमध्य वर असलेली वस्तू मऊ आधारावर नुसती वर-खाली होत नाही, ती आडवी झुलते, ही गोष्ट मी हिशेबात धरलीच नव्हती.

म्हणून रस्त्याच्या धक्क्यांसाठी माझा नियम असा आहे, की उपकरण बसच्या हाडांना इतके घट्ट बांधावे की ते आणि बस एकच वस्तू व्हावी. मग बसला जितका धक्का बसेल तितकाच उपकरणाला बसेल, त्याहून अधिक नाही. मात्र त्याआधी बसला बसणारा धक्काच कमी करता येतो का, हे पाहिले पाहिजे, आणि आपल्या बाबतीत तो बराच कमी करता येईल.

पहिली गोष्ट जागेची. एस.टी.च्या शेवटच्या बाकावर बसून ज्याने प्रवास केला आहे त्याला मागच्या चाकांच्या पलीकडचा भाग किती उसळतो हे सांगावे लागत नाही. आपण सुमारे ३५० किलोंचे सर्वांत नाजूक सामान नेमके तिथे ठेवले आहे. ते दोन्ही आसांच्या मध्ये, शक्य तितके मध्याजवळ आणि खाली आणावे. आपल्या बसच्या पोटाखाली डिझेलची टाकी आणि हवेच्या टाक्या सोडून उजव्या-डाव्या बाजूंना किती जागा उरते हे मला माहीत नाही; जागा असेल तर बॅटऱ्यांची पेटी तिथे, पाणी-चिखल लागणार नाही अशी बसवावी, नसेल तर मधल्या कपाटाच्या तळाशी ठेवावी. उजवी आणि डावी बाजू वजनाने सारखी राहील हेही पाहावे.

दुसरी गोष्ट गाडीच्या पाट्यांची. ही बस ४०-४५ प्रवाशांसाठी, म्हणजे अंदाजे ३ टनांच्या ओझ्यासाठी बांधलेली होती. आता बाके काढून टाकल्यावर दवाखान्याचे सारे सामान मिळून त्याच्या निम्मेही वजन भरत नसेल, तर पाटे गरजेपेक्षा कडक पडतात आणि रिकाम्या बससारखी ती उधळते. सर्व सामान आणि माणसे घेऊन एकदा वजनकाट्यावर पुढचा व मागचा आस वेगवेगळा तोलून घ्या आणि टायर कंपनीच्या तक्त्यात त्या भाराला जो हवेचा दाब दिला असेल तो ठेवा. पुष्कळ ठिकाणी सवयीने पूर्ण भाराचा दाब भरून टायर दगडासारखे केलेले असतात. शॉकअप गळके किंवा मेलेले असतील तर आधी ते बदला, कारण आसाचे नाचणे थोपवणारे गाडीतले मुख्य साधन तेच असते. पाट्याचे पान कमी करण्याचा विचार मात्र जाणत्या कारागिराला गाडी दाखवल्याशिवाय करू नये. नागपूरजवळ हिंगण्याला एस.टी.ची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. तिथे आयुष्य घालवलेला एखादा निवृत्त कारागीर आपल्या ओळखीत निघाला तर त्याचा सल्ला माझ्यापेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

आता बांधणीकडे येतो, आणि इथे थोडा वेळ थांबतो, कारण बहुतेक चुका इथेच होतात. बसचा तळ म्हणजे आडव्या लोखंडी बेअररवर टाकलेले १२ मिलिमीटरच्या आसपासचे प्लायवूड. दोन बेअररच्या मधल्या प्लायवर ४० किलोंचे उपकरण ठेवले की ते प्लाय स्वतःच स्प्रिंग बनते. मघाचाच हिशेब इथेही लागू पडतो: वजन ठेवल्यावर तळ १.५ मिलिमीटर वाकला, तर रबराची एकही चकती न वापरता आपण १३ हर्ट्झचा झोपाळा तयार केलेला असतो. आपली सध्याची रचना बहुधा अशीच आहे. हे पडताळणे अवघड नाही. चुंबकी स्टँड असलेला डायल गेज (सूक्ष्म अंतर मोजणारे सुईचे साधन) खालून चासीच्या लाँगमेंबरला, म्हणजे लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळईला चिकटवा, त्याची सुई उपकरणाच्या बैठकीखाली लावा आणि उपकरण ठेवण्याआधीचे व नंतरचे वाचन घ्या. मोजणी चासीच्या संदर्भातच हवी. जमिनीपासून मोजलेत तर पाटेही दबल्याचे त्यात येईल. वाकणे ०.२ मिलिमीटरच्या आत असेल तर वारंवारता ३५ हर्ट्झच्या वर जाते आणि रस्त्याचे नाचणे तिला फारसे छेडू शकत नाही.

ते साधण्यासाठी ५० बाय ५० बाय ५ च्या अँगलची किंवा ४० बाय ४० च्या चौकोनी पाइपची चौकट करावी, ती किमान तीन बेअररवर टेकेल इतकी लांब घ्यावी आणि बोल्ट बेअररमधून किंवा बेअररला जोडलेल्या ब्रॅकेटमधून जावेत. नुसत्या प्लायमधून बोल्ट घेण्यावाचून गत्यंतर नसेल तिथे खालून ६ मिलिमीटर जाडीची हातभर पट्टी लावावी आणि प्लायच्या भोकात प्लायच्याच जाडीचा पोलादी नळीचा तुकडा बसवावा. हा तुकडा अनेक जण गाळतात. लाकूड भाराखाली हळूहळू दबत जाते, त्यामुळे आज करकचून आवळलेला बोल्ट महिन्याभरात ताण गमावून बसतो. नळी असली की लोखंडावर लोखंड आवळले जाते आणि ताण टिकतो. चासीच्या लाँगमेंबरच्या वरच्या-खालच्या कडांना भोक पाडू नये आणि तिथे वेल्डिंगही करू नये. त्या कडांवर साऱ्या गाडीचा ताण असतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. बॉडीवर कुठेही वेल्डिंग करण्याआधी गाडीची बॅटरी सोडवावी आणि नियंत्रक संगणक असेल तर त्याचा जोडही काढावा.

बोल्ट ८.८ दर्जाचे १० मिलिमीटरचे पुरेत. ते कोरड्या आट्यांवर साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटरला आवळावेत आणि त्यासाठी टॉर्क पाना वापरावा. नट आतून नायलॉन असलेला घ्यावा आणि एकदा काढलेला पुन्हा लावू नये. स्प्रिंग वॉशरवर आपल्याकडे फार श्रद्धा आहे. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवून दिले, की जोडलेले भाग आडवे सरकू लागले की नट आपोआप उलटा फिरतो. त्या पद्धतीच्या यंत्रावर चाचणी घेतली तर साधा स्प्रिंग वॉशर हे फिरणे फारसे थांबवत नाही. पुरेसा ताण आणि त्यामुळे न सरकणारा जोड हाच खरा बंदोबस्त आहे.

उंच उपकरण नुसते पायाशी बांधून भागत नाही. इन्व्हर्टर रुंदीपेक्षा उंच असेल तर त्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्शाला दोन दिशांनी पट्ट्या देऊन त्या बॉडीच्या उभ्या खांबांना जोडा. बांधणी किती मजबूत असावी याचे एक माप म्हणून मी रुग्णवाहिकांसाठीच्या ईएन १७८९ या युरोपीय मानकाकडे पाहतो. त्यात आतील साहित्याने गुरुत्वाच्या १० पट बल सहन करून जागेवर राहावे अशी अपेक्षा आहे. आपल्या ट्रान्सफॉर्मरसाठी याचा अर्थ ४८० किलोंची ओढ असा होतो. चार बोल्ट ती सहज पेलतील, तळाचे प्लाय पेलणार नाही. दवाखान्यात माणसे बसून प्रवास करतात, तेव्हा हा मुद्दा कंपनाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचा आहे. बस दवाखान्यात बदलताना मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खालील परवानगी आपण घेतलीच असेल. नव्या जागी वजन हलवल्यावर त्या कागदांत काही बदलते का, हे परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे.

इतके केल्यावरही इन्व्हर्टरचे कार्ड जाऊ शकते, कारण घरगुती इन्व्हर्टर कोपऱ्यात स्थिर उभे राहण्यासाठी बनवलेला असतो. त्याच्या ४२ किलोंपैकी मोठा वाटा आतल्या ट्रान्सफॉर्मरचा असतो आणि तो पातळ पत्र्याच्या तळावर चार बोल्टांनी उभा असतो. बाहेरची पेटी कितीही घट्ट बांधली तरी आत तो पत्रा लवतच राहतो. मी असा इन्व्हर्टर उघडून ट्रान्सफॉर्मरखाली ५ मिलिमीटरची पट्टी देतो आणि त्याच पट्टीतून बोल्ट थेट बाहेरच्या चौकटीत उतरवतो. कार्डावरचे मोठे कपॅसिटर आणि चोक (तारेची जड वेटोळी) एकमेकांना व कार्डाला सिलिकॉनने धरून ठेवतो. सिलिकॉन मात्र व्हिनेगरचा वास न येणारे घ्यावे, कारण आम्लाचे सिलिकॉन तांबे खाते. यामुळे कंपनीची हमी जाते, हे आपल्या विश्वस्तांना आधी सांगा. गेलेली दोन्ही कार्डे जपून ठेवली असतील तर भिंग घेऊन जड भागांच्या डाखाभोवती बारीक वर्तुळाकार चीर दिसते का पाहा. ती दिसली तर माझे निदान बरोबर आहे, आणि कार्ड जळालेले दिसले तर कारण बहुधा कंपनाबाहेरचे आहे, त्याचा शोध वेगळा घ्यावा लागेल.

बॅटरीच्या टर्मिनलची चीर मला केबलची करामत वाटते. ४८ व्होल्टवर ५ केव्हीए म्हणजे १०० अँपिअरहून अधिक प्रवाह, त्यासाठी जाड केबल लागते, आणि ती ताठ केबल लोंबकळत असेल तर प्रत्येक धक्क्याला टर्मिनल पिळते. बारीक तारांची लवचीक केबल घ्या, टर्मिनलपासून १५ सेंटिमीटरच्या आत तिला बॅटरीच्याच चौकटीवर क्लँप द्या आणि त्यानंतर एक सैल वळण ठेवून मग बॉडीवरचा पहिला क्लँप लावा. टोके डाखू नका, दाबून बसवा. डाख तारेत जिथे संपतो तिथे ती कंपनाने तुटते. बॅटऱ्यांवरून आडवी पट्टी टाकून त्या अशा आवळा की हाताने हलवल्यास केसभरही हलू नयेत, आणि पेटीच्या वरच्या भागातून वायू बाहेर जाण्याची वाट ठेवा.

आता रबर. ते एकट्या ट्रान्सफॉर्मरखाली घाला, आवाजासाठी. इथे आधार कडकच हवा, साधारण ०.४ मिलिमीटर दबेल इतका, म्हणजे वारंवारता २५ हर्ट्झ येईल. अशा आधारातून १०० हर्ट्झच्या कंपनाचा हिशेबाने पंधरावा हिस्साच खाली उतरतो, आणि १२ हर्ट्झचा रस्त्याचा धक्का मात्र जेमतेम ३० टक्क्यांनी वाढतो. हा व्यवहार परवडणारा आहे. प्रत्यक्षात रबर हलत्या भाराखाली थोडे अधिक कडक वागते, त्यामुळे आकडे काटेकोर धरू नयेत. चार सिलिंडरचे इंजिन ७५० फेऱ्यांवर नुसते चालू असताना २५ हर्ट्झचेच ठोके देते. तेव्हा ट्रान्सफॉर्मर थरथरताना दिसला तर एक दर्जा कडक रबर घ्या. तेल-ग्रीसचा संबंध येणार असेल तर निओप्रीन घ्यावे. आणखी एक चूक मी वारंवार पाहतो: रबरातून बोल्ट घालून तो लोखंडावर आवळला जातो, मग कंपन बोल्टमधूनच खाली उतरते आणि रबर शोभेपुरते उरते. पायाच्या वर एक आणि खाली एक असे दोन रबरी बुश (मधे भोक असलेल्या जाड कड्या), मध्ये पोलादी नळी, आणि बोल्ट त्या नळीवर आवळलेला, अशी रचना हवी. वरचा बुश ट्रान्सफॉर्मरला उसळू देत नाही.

कॉम्प्रेसरचे गणित निराळे आहे. तो चालताना स्वतःच हादरतो, म्हणून त्याला मऊ पाय हवेतच, आणि तेच मऊ पाय प्रवासात त्याला नाचवतात. सुदैवाने आपला दवाखाना उभा असतानाच चालतो. नवे वॉशिंग मशिन घरी येते तेव्हा त्याच्या मागे प्रवासाचे बोल्ट असतात, तसेच इथे करा: दोन खिट्ट्या किंवा पट्टे ठेवा, निघताना त्या लावून कॉम्प्रेसर चौकटीला जखडा आणि मुक्कामी पोहोचल्यावर काढा. ड्रायव्हरसमोर त्याची एक ठळक पाटी लावा, नाही तर आठवड्याभरात विसर पडतो.

काम करताना क्रम असा ठेवा, की आधी वजनकाटा, हवा आणि शॉकअप, मग जागा बदलणे, मग चौकट आणि बोल्ट, मग इन्व्हर्टरचे पोट आणि केबली, आणि रबर सगळ्यांत शेवटी. प्रत्येक टप्प्याआधी व नंतर मोजून पाहायचे असेल तर आखेन विद्यापीठात तयार झालेले फायफॉक्स हे मोफत अ‍ॅप फोनवर घ्या, फोन दुहेरी चिकटपट्टीने एकदा उपकरणावर आणि एकदा तळावर घट्ट चिकटवा आणि तोच रस्ता त्याच वेगाने दोनदा पार करा. त्वरणाचा वर्णपट, म्हणजे कोणत्या वारंवारतेचे कंपन किती आहे याचा आलेख, दाखवण्याची सोय त्यात आहे. १० हर्ट्झच्या आसपासचा उंचवटा तळापेक्षा उपकरणावर मोठा दिसला तर बांधणी अजून सैल आहे.

सर्व बोल्ट आवळून झाल्यावर नटापासून चौकटीपर्यंत रंगाची एक रेघ ओढून ठेवा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर टॉर्क पाना पुन्हा लावा, त्यानंतर दर महिन्याला टॉर्च घेऊन नुसत्या रेघा पाहिल्या तरी चालेल. एखादी रेघ तुटलेली दिसली तर तो नट नुसता आवळून पुढे जाऊ नका. तो जोड का सरकतो आहे ते शोधा, बहुतेक वेळा खाली दबलेले प्लाय किंवा विसरलेली नळी सापडते.